पडद्याची दोरी

आमच्या गॅरेजमध्ये दोन बांबू आहेत. चांगले जाडजूड, माणसाच्या दीडपट लांब, टोकांशी हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. यंदाच्या उन्हाळ्यात मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून त्यांच्यावर डोळा ठेवला. "नुसतेच पडलेत गं," म्हणाला. मी म्हटलं, "हात तर लावून बघ." तो गप्प बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली की कुठं गप्प बसायचं ते माणसाला कळतं.

ते बांबू लुझचे. ती आणि तिचा नवरा या वसंतात ब्रिस्टल सोडून आपल्या बेटावर कायमचे परत गेले, आणि जाताना बांबू माझ्याकडे टाकून गेले. विमानात नेता येत नाहीत म्हणून, असं ती म्हणाली. तिच्या देशात बांबूंना काय तोटा! पण मी विचारलं नाही.

तिचं पूर्ण नाव लुझविमिंडा. लुझॉन, विसायास आणि मिंडानाव हे फिलिपिन्सचे तीन भाग. बापानं ते तिन्ही जोडून लेकीच्या गळ्यात बांधले. आमच्याकडं एखाद्यानं विदर्भ, कोकण आणि मराठवाडा जोडून पोरीचं नाव ठेवलं असतं तर पोरीनं मोठेपणी बापाशी अबोला धरला असता. लुझला मात्र त्या नावाचा कोण अभिमान! "मी अख्खा देश आहे," असं ती सांगायची, आणि उंची म्हणाल तर माझ्या खांद्याइतकी. तिच्या नवऱ्याचं नाव बॉय. साठी उलटलेला, ढेरपोट्या, टकलू माणूस, आणि चर्चमधली लहान पोरंसुद्धा त्याला 'अंकल बॉय' म्हणणार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. मग आठवलं, आमच्या नागपूरच्या गल्लीत सत्तरीचे बाळासाहेब होतेच की. घरोघरी मातीच्या चुली.

लुझला सगळे 'आते लुझ' म्हणत. आते म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. मीही तेच म्हणू लागले. आम्ही एकाच हॉस्पिटलात होतो; ती हाडांच्या वॉर्डवर सीनियर नर्स आणि मी खाली एक्स-रेमध्ये. तिचे पेशंट माझ्याकडे यायचे, त्यांच्यासोबत कधी कधी ती स्वतः यायची, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न: "जेवलीस का?" इंग्रजांच्या देशात लोक हवा कशी आहे ते विचारतात. ही जेवण विचारायची, आणि नुसतं विचारायची नाही. 'नाही' म्हटलं तर युनिफॉर्मच्या खिशातून केळं निघायचं.

तिची आणखी एक सवय सांगते, कारण ती पुढं लागणार आहे. ती बोट दाखवायची नाही. कुठली वस्तू कुठं आहे, कोण आलंय, कुठल्या दारानं जायचं, हे सगळं ती ओठांनी दाखवायची. ओठांचा चंबू करून त्या दिशेला ढकलायचा, झालं. मला आधी वाटलं बाई मला वेडावून दाखवतेय. नाकाला मिरच्याच झोंबल्या. नंतर कळलं, सगळ्याच फिलिपिनो मंडळींची ती रीत आहे. हात कामात असले की दिशा दाखवायला तोंड मोकळंच असतं.

एकदा कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली. त्यांच्या चर्चचा वर्षातून एकदा मदतीसाठी कार्यक्रम असतो, हे मला ठाऊक होतं. गाणी, नाच, विनोदी नाटुकलं, आणि तिकिटाचे पैसे कुणातरी गरजवंताला. मी लगेच पर्स उघडली. तिनं माझा हात धरून पर्स बंद केली.

"ते त्या दिवशी दारावर दे. आज मला तुझे पाय हवेत."

"पाय?"

"एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली. नाचात एक जागा रिकामी आहे. तुझे पाय चांगले आहेत, मी कॉरिडॉरमध्ये बघितलेत."

अगं बाई! आजवर माझ्या पायांचं कौतुक फक्त चपलांच्या दुकानदारानं केलं होतं. मी सांगितलं की मी बौद्ध आहे, तुमच्या चर्चच्या कार्यक्रमात माझं काय काम? ती म्हणाली, "तुझ्या बुद्धाला नाच चालत नाही का?"

"बुद्धाचं माहीत नाही. माझ्या सासूला चालणार नाही."

"मग तिलाही आण. तिला तिकीट विकू."

अशी मी त्यात पडले. आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर मी पदर खोचून पावलं घटवायची, आणि मिलिंद सोफ्यावरून "नाचता येईना, अंगण वाकडं" म्हणायचा. पण सासूबाई आल्या, पहिल्या वर्षीच आल्या, आणि चार ओळखी करून गेल्या. पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या जयंतीच्या कार्यक्रमाला लुझ नूडल्सचा भलामोठा ट्रे घेऊन हजर. भाषणं मराठीतून, तिला एक शब्द कळत नव्हता. आल्या आल्या मला विचारलं, "काम काय आहे?" आणि खुर्च्या लावायला लागली.

तो नाच बांबूंचा. दोघं जण जमिनीवर समोरासमोर बसतात आणि दोन बांबूंची टोकं धरतात. दोनदा जमिनीवर आपटायचे, तिसऱ्यांदा एकमेकांवर. ठक, ठक, चट. ठक, ठक, चट. नाचणाऱ्यांनी मधल्या फटीत पाय टाकायचा आणि बांबू मिटायच्या आत काढायचा. चुकलात की घोट्यावर बसलाच. हळूहळू वेग वाढतो, आणि बघणाऱ्यांचे श्वास अडकतात. बॉय गिटार वाजवायचा. बांबूच्या एका टोकाला लुझ. दुसऱ्या टोकाला नेनिता, तिच्याच वॉर्डवरची तरुण नर्स. लुझ स्वतः कधी नाचली नाही. किती वर्षं ती त्या टोकाला बसत होती, ते तिलाच ठाऊक.

पहिल्या तालमीत मी साहजिकच खाली बघत नाचत होते. लुझनं बांबू थांबवले.

"सुजाता, खाली काय आहे?"

"माझे पाय आहेत, आते! आणि मला ते उद्याही हवेत."

"खाली मी बघते. ते माझं काम. तू समोर बघ आणि हस."

सांगायला सोपं! पण एकदा विश्वास टाकला आणि मग समजलं, ही बाई खरंच बघत असते. कुणाचा पाय रेंगाळला की तिचा हात किंचित थांबायचा. बघणाऱ्याला कळायचं नाही, तालही मोडायचा नाही, पण पाय सुटायचा. इतक्या वर्षांत तिच्या बांबूत कुणाचा घोटा सापडला नव्हता. आम्ही सगळ्या दुसऱ्या दिवशी शिफ्टवर जाणाऱ्या बायका, त्यामुळे याची किंमत आम्हाला फार.

आता दोरीचं सांगते.

एका वर्षी कार्यक्रम रोडेलसाठी होता. रोडेल आमच्याच हॉस्पिटलात हेल्थकेअर असिस्टंट. त्याच्या फ्लॅटला आग लागली. बायको-मुलं वाचली, पण अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नाही. हॉलची व्यवस्था बघणारी मार्गारेट म्हणून एक इंग्रज बाई होती, मनानं फार चांगली. मीटिंगमध्ये ती म्हणाली, मध्यंतराच्या आधी रोडेलला आणि मुलांना स्टेजवर आणू या, त्यानं चार शब्द बोलावेत, लोकांचं मन भरून येईल.

लुझनं चहाचा कप खाली ठेवला. मी तिला रागावलेली तोवर पाहिलं नव्हतं. ती आवाज चढवत नाही. उलट इतका उतरवते की पुढं झुकून ऐकावं लागतं.

"ज्याच्यासाठी कार्यक्रम आहे, त्याला स्टेजवर आणायचं नाही. पहिल्या रांगेत बसवायचं नाही. त्याचं नाव माइकवर घ्यायचं नाही. त्याला काम द्यायचं."

"काय काम?" मार्गारेट गोंधळली.

लुझनं ओठांचा चंबू करून स्टेजच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथं पडद्याची दोरी होती. त्या हॉलचा पडदा म्हणजे जुनं, जड, मरून रंगाचं धूड. कप्पी अडायची, दोरी ओढताना सगळं अंग लावावं लागायचं. शिवाय प्रत्येक आयटमला उघड-मीट, म्हणजे एक माणूस पूर्ण कार्यक्रमभर तिथंच हवा. ती जागा नेहमी त्याची, ज्याच्यासाठी कार्यक्रम. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण त्यांच्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लेस्टरला कुणाच्या बाळाचं ऑपरेशन होतं तेव्हा त्या बाळाचा बाप खास ब्रिस्टलला येऊन दोरी ओढून गेला. वादळात कुणाचं गाव गेलं तर त्या गावची नर्स दोरीवर. लोक जाता-येता त्याच्या पाठीवर थाप मारायचे: "आज पडदा मस्त उघडतोय हं!" बास. आणि तो माणूस घामाघूम होऊन, बाह्या सरसावून, घरी जाताना सगळ्यांसारखाच दमलेला असायचा.

रोडेलनं त्या दिवशी असा पडदा ओढला की विचारू नका. शेवटी कप्पीच्या कुरकुरीवर वैतागून खिशातल्या कसल्याशा क्रीमनं तिला वंगण घातलं. त्याला हसताना मी आग लागल्यापासून पहिल्यांदा बघितलं.

घरी सोडताना मी गाडीत लुझला विचारलं, हे कुठून आलं तुझ्या डोक्यात? ती खिडकीबाहेर बघत होती. मग सांगितलं. ती लहान असताना वादळात त्यांच्या गावाची छपरं उडाली. मदतीचा ट्रक आला, तांदूळ आले. सोबत एक साहेब आणि फोटोवाला आले. प्रत्येक बाईनं पिशवी हातात धरून साहेबाशेजारी उभं राहायचं, हसायचं, मग पुढं सरकायचं. लुझच्या आईची पाळी आली. तिनं पिशवी घेतली, आणि फोटोच्या क्षणी तोंडासमोर धरली.

"फोटो पिशवीचा आला," लुझ म्हणाली आणि खूप हसली. "साहेब आणि पिशवी! माझी आई कुठंच नाही."

मी हसले नाही. मला माझे वडील आठवले. ते म्हणायचे, पोरी, उपकाराचा घास घशाखाली उतरत नाही, मान वाकलेली असते ना. नागपूरच्या मिलच्या चाळीतला माणूस तो आणि ही समुद्रातल्या बेटावरची बाई. दोघं एकाच भाकरीचं बोलत होते. मला त्या दिवशी लुझ फार जवळची वाटली. सख्खी वाटली, खरं सांगायचं तर.

मग गेल्या वर्षीच्या आधीच्या हिवाळ्यात तालमी सुरू झाल्या, आणि माझा घोटा सापडला. फार नाही लागलं. लुझ म्हणाली, "वजन वाढलंय तुझं, पाय उचलत नाहीस." मी म्हटलं असेल बाई. पुढच्या आठवड्यात दुसरीचा सापडला. ती तर काडीपैलवान. तेव्हा मी लुझच्या हाताकडे नीट बघितलं. डावा बांबू वेळेवर येत होता. उजवा मागून, जड, जसा काही त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

आणि मग बाकीचंही दिसायला लागलं. चालताना तिचा उजवा हात हलत नव्हता. जिन्याशी ती जरा थबकायची. चेहऱ्यावरचं हसू उशिरा यायचं. त्या हॉलमध्ये निम्म्याहून जास्त मंडळी नर्स. रोज हेच बघणाऱ्या बायका. पेशंट दारातून आत येतो तेवढ्यात त्याचं काय दुखतंय ते ओळखणाऱ्या. सगळ्यांना दिसलं होतं. आणि सगळ्या मूग गिळून बसल्या होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरी कुणीतरी बोलली असेल. त्यांच्यात त्याला एक शब्द आहे, हिया. लाज, भीड आणि मोठ्यांचा मान हे तिन्ही त्यात येतं. ताईला कुणी तिच्या तोंडावर सांगत नाही की ताई, तुझा हात चालत नाही. आमच्याकडं म्हणतात भीड भिकेची बहीण, ते काही उगाच नाही.

तोंडानं गप्प बसले, पण हातानं नाही. बॉय गिटार हळू वाजवू लागला. दर तालमीला थोडी हळू. आम्हीही पावलं लांबवली. जो नाच श्वास अडकवायचा, तो वरातीसारखा रेंगाळत चालला होता.

शेवटी एका शनिवारी दुपारी लुझनं बांबू खाली ठेवले.

"बॉय, म्हातारा कोण झालंय? तू की मी?"

बॉय गिटारची खुंटी पिळत बसला. कुणी वर बघेना. लुझनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

"सुजाता, तू सांग. तू त्यांच्यातली नाहीस, आणि तुला तोंड आहे."

माझी मुलगी इथंच वाढलेली. ती तिच्या मराठीत म्हणते, "आई, तुझा तोंड खूप फास्ट आहे." त्या दिवशी तेच तोंड उघडेना. मग म्हटलं, "आते, तुझा उजवा हात उशिरा येतोय. बरेच दिवस. आणि तू डॉक्टरकडे गेलेली नाहीस, हे मला दिसतंय."

ती म्हणाली, "मला वाटलं, हे मला एकटीलाच ठाऊक आहे."

म्हणजे बघा! नर्सच ती. तिनं कधीच ओळखलं होतं. ती आमच्यापासून लपवत होती, आम्ही तिच्यापासून, आणि मध्ये सगळ्यांचे घोटे सुजत होते. नेनिता रडायला लागली, मग दुसरी. लुझनं पर्समधून केळं काढून नेनिताच्या हातात दिलं. "जेवली नसशील," म्हणाली, आणि कोट घालून निघून गेली.

तो कंपवातच होता, इथले डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात तो. पुढं सगळं रीतसर झालं: डॉक्टर, स्पेशालिस्ट, गोळ्या. त्या वर्षी बांबूंवर तिच्या जागी दुसरीला बसवलं आणि लुझ आजारपणाचं कारण सांगून आलीच नाही. कार्यक्रम कसाबसा पार पडला. मीठ नसलेल्या भाजीसारखा.

पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये बॉय उठला. फार बोलणारा माणूस नव्हे. म्हणाला, यंदाचा कार्यक्रम आपण कंपवाताच्या पेशंटसाठी करू या. इथं त्यांचा एक गट आहे, दर आठवड्याला जमतात, व्यायाम करतात, त्यांना जागा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. लुझ समोरच बसली होती. तिचा आवाज पुन्हा तसाच खाली उतरला.

"माझ्या घरातल्या आजारावर मी लोकांना तिकिटं विकणार नाही."

"तुझ्यासाठी नाही, गटासाठी—"

"मी त्या गटात जाते, बॉय."

ती उठून गेली. मीटिंगनं तरीही ठरवलं, कारण त्या गटात इतरही माणसं होती आणि त्यांची गरज खरी होती. लुझ तालमींना फिरकली नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून लवकर निघून जायची. मी तिच्या घरी गेले. म्हटलं, आता माझ्या तोंडाचा काही उपयोग होऊ दे. स्वाभिमानावर चांगलं अर्ध्या तासाचं भाषण ठोकलं, बाबासाहेबही आणले मध्ये. तिनं मला भात वाढला, मासा वाढला, आणि म्हणाली, "बोलून झालं असेल तर गरम आहे तोवर खा." निघताना दारात मात्र म्हणाली, "सुजाता, मी आयुष्यभर देणाऱ्या बाजूला उभी राहिले. त्या बाजूला उभं कसं राहायचं ते मला येतं. दुसऱ्या बाजूचं येत नाही." मी बसस्टॉपवर उभी राहून रडले. सांगायला लाज कसली!

नंतरचं मला बॉयनं सांगितलं. कार्यक्रमाच्या आदल्या रविवारी रोडेल त्यांच्या घरी गेला. हातात तेलाची बाटली. म्हणाला, "आते, पडद्याची कप्पी जाम आहे, तेल घालतोय. दोरी किती उंचीवर बांधू?"

"मला काय विचारतोस? नेहमीसारखी बांध."

"नेहमीची माझ्या उंचीला आहे. यंदा कुणाची ते मला ठाऊक नाही. ज्याची असेल त्याचा हात पोचायला हवा ना."

लुझनं विचारलं, "जेवलास का?" आणि त्याला ताट वाढलं. रोडेल जेवला आणि गेला. बस्स, एवढंच. बॉय म्हणाला, मला काही कळेना की हो झालं का नाही झालं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. खाणं आधी, कार्यक्रम मग, ही त्यांची शिस्त. त्यामुळे सगळीकडे लसणाचा वास आणि कागदी प्लेटा. कंपवाताच्या गटातली माणसं आली होती, आणि लुझचा नियम पाळून नेनितानं त्यांना कामाला लावलं होतं: एक आजोबा दारावर तिकिटं फाडत होते, एक बाई रॅफलची टोपली सांभाळत होती. मी विंगेत, लाल घागरा, अनवाणी. बांबूच्या एका टोकाला नेनिता बसली, समोर नवीन मुलगी. बॉय गिटार मांडीवर घेऊन तयार. आणि दोरीपाशी कुणी नाही.

रोडेल तिथं एक स्टूल ठेवून बाजूला उभा होता. दोरी खाली, चांगली खाली बांधलेली. मार्गारेट कुजबुजली, "मी ओढू का?" रोडेलनं नको म्हणून मान हलवली. बाहेर लोक चुळबुळ करायला लागले. बॉयनं एकदा मागच्या दाराकडे बघितलं, मग खाली.

आणि मागचं दार उघडलं. लुझ आत आली. निळा, कडक इस्त्रीचा, फुगीर बाह्यांचा त्यांचा सणाचा पोशाख. केस वर बांधलेले. ती छोटी पावलं टाकत आली, वाटेत एकदा थबकली, पुन्हा निघाली. कुणी हात द्यायला पुढं झालं नाही. सगळ्या नर्स, आणि एकीनंही हात दिला नाही. त्यांचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं. ती स्टुलावर बसली, दोरीचा वेढा डाव्या मनगटाला घेतला, उजवा हात त्यावर ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवलीस का?"

मी मान डोलावली.

पडदा उघडला. एकदम नाही. वीतभर सरकला, थांबला, परत सरकला. तिचे खांदे हलत होते. प्रेक्षकांना वाटलं असेल पडदा अडलाय; हॉलच जुना आहे. बॉयची बोटं तारांवर टेकलेली, पण त्यानं सूर लावला नाही. पडदा पूर्ण बाजूला होईपर्यंत तो थांबला. रोडेलचे हात आपोआप दोरीकडे उचलले गेले, आणि त्यानं ते स्वतःच मागं बांधून घेतले. पडद्याची शेवटची घडी बाजूला झाली. लुझनं श्वास सोडला.

मग गिटार सुरू झाली, आणि बॉयनं ती हळू नाही वाजवली. ठक, ठक, चट. पूर्वीचा वेग, श्वास अडकवणारा. मी फटीत पाय टाकला, काढला, टाकला. इतक्या वर्षांत मी कधी नियम मोडला नव्हता, त्या दिवशी मोडला. खाली नाही बघितलं. विंगेत बघितलं.

लुझ पुढं झुकून बसली होती. दोरी मनगटाला तशीच, दोन्ही हात तिच्यात गुंतलेले. ती प्रेक्षकांकडे बघत नव्हती, बॉयकडेही नाही. तिची नजर आमच्या घोट्यांवर होती, एकेका पावलावर, जशी नेहमी असायची. माझं लक्ष तिच्याकडे गेलंय हे तिला कळलं. तिनं मान वर केली, भुवया ताणल्या, आणि ओठांचा चंबू करून माझ्या समोरच्या दिशेला ढकलला.

मी समोर बघितलं आणि हसले.